हातभर केबल

रत्नागिरी
१२ जून २००३

आबा,

जयभीम. मायना नीट लिहिलेला नाही, कारण गेल्या तीन पत्रांत नीट लिहून काही झालं नाही. आई मैनावहिनीच्या दुकानातून फोन करते तेव्हा सांगते, की माझं पत्र आलं की तुम्ही पोस्टमनकडून स्वतः घेता, अक्षर बघता आणि फडताळात ठेवून देता. उघडता की नाही, तिला ठाऊक नाही. उघडता असं धरून मी लिहिते.

गेल्या वर्षी विहाराच्या अंगणात झालेल्या सभेबद्दल मला पुन्हा काही म्हणायचं नाही. तहसीलमधल्या साहेबांसमोर, सगळ्या वाडीसमोर तुम्ही म्हणालात, "आम्ही इथून हलणार नाही." आणि मी उठून म्हणाले, "आबा, डोंगराला भेग पडलीय, हलायला हवं." आई म्हणते, घरातलं घरात बोलायचं होतंस. घरात बोलले होते. तुम्ही ऐकलं नव्हतंत. बरं, ते राहू दे. सांगायचं वेगळंच आहे.

वाडी हलणार नसेल तर डोंगर हलायला लागला की निदान कळावं, म्हणून मी एक पेटी बनवतेय. भेगेच्या वरच्या अंगाला खुंटा, खालच्या अंगाला पेटी, मधे ताणलेली तार. भेग रुंदावली की तार ओढली जाईल, पेटीतली चकती फिरेल, ती किती फिरली हे आतली नखाएवढी चिप मोजेल आणि वाडीतल्या सगळ्यांत वरच्या, रावजीकाकांच्या घराच्या पडवीत घंटा वाजेल. तुम्ही म्हणाल, मग नुसती तार आणि घंटा पुरे, चिप कशाला? तर तिकडे गुरं चरतात, वानरं उड्या मारतात. हिसका बसला की घंटा वाजायला लागली तर चार दिवसांत कुणीतरी ती उपटून फेकेल. हिसका कुठला आणि सावकाश चाललेली ओढ कुठली, हे चिपला ओळखता येतं. ते ओळखायला तिला शिकवावं लागतं, एवढंच.

आणि घोडं तिथेच अडलंय. चिप कोरी येते. तिने काय करायचं ते संगणकावर लिहून तिच्यात भरायचं. भरल्यावर ती चुकली तर तिला मधेच थांबवून आत काय चाललंय ते बघायचं, डॉक्टर नाडी धरून बघतो तसं. या दोन्ही कामांना एक केबल लागते. तिचं एक टोक संगणकाच्या मागे प्रिंटर लावतात तिथे, दुसरं चिपच्या बोर्डावर. तयार केबल मुंबईहून मागवावी लागते, ती मला परवडत नाही. इंटरनेटवर कुणा परदेशी विद्यार्थ्याने तिचा नकाशा ठेवलाय, तो बघून मी खोलीवर बसून बनवली.

ती चालत नाही. पडद्यावर एकच वाक्य येतं, की समोर काही जोडलेलं नाही. मीटर लावून एकेक तार तपासली, प्रत्येक तारेला मीटर पीप करतं, म्हणजे तुटलेली कुठलीच नाही. सगळं सोल्डर काढून पुन्हा मारलं. संगणक सुरू होताना प्रिंटरच्या पोर्टाची पद्धत बदलता येते, त्या सगळ्या पद्धती करून बघितल्या. एका चिपला वीज उलटी दिली गेली. बोटाला चटका बसला आणि चिप गेली. आणल्या होत्या तीन, उरल्या दोन.

मी शिकवते त्या संस्थेत सगळं ठीक आहे. मुलं परीक्षेच्या गडबडीत आहेत.

संध्याकाळी कुणीतरी भेगेकडे फेरी मारत जा. एवढं तरी करा.

तुमची
दीप्ती

———

रत्नागिरी
२२ जून

आबा,

जयभीम. केबल बोलायला लागली!

तुम्ही सातवीच्या वर्गात आम्हाला दम द्यायचात, "उत्तर चुकलं की शेवटची ओळ खोडत बसू नका. पहिल्या ओळीपासून वाचा." मी इतके दिवस शेवटच्या ओळीच खोडत होते. परवा नकाशा पहिल्यापासून वाचायला घेतला. प्रिंटरच्या जागी लागतो तो जोड पंचवीस टोकांचा असतो, त्यातलं एक नंबरचं टोक कुठलं, इथूनच सुरुवात केली. मी जोड समोरून बघून नंबर मोजले होते आणि सोल्डर मारलं होतं मागून. मागून डावं ते उजवं होतं, आरशात होतं तसं. म्हणजे प्रत्येक तार नीट जोडलेली, पण प्रत्येक तार भलत्याच ठिकाणी! मीटर बिचारं पीप करणार नाही तर काय करील? भिंग लावून बघितलं तर टोकांच्या बाजूला प्लास्टिकवर मुंगीएवढे आकडे कोरलेलेच होते.

सगळं उपटून नव्याने जोडलं. पडद्यावर चिपचं नाव आलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले, की खालून घरमालकीण झरीनचाची विचारायला आली, पाल पडली का अंगावर.

पण आनंद तेवढ्यापुरताच. चिप सापडते, तिच्यात लिहिता येतं, पण लिहिलेलं परत वाचलं तर ते मी लिहिलेलं नसतं. शंभर अक्षरं बरोबर आणि एक चूक. पुन्हा लिहावं तर ते बरोबर आणि भलतंच चूक. मुळीच न चालणारी केबल बरी होती. तिच्यावर विश्वास तरी बसत नव्हता.

काल एक विचित्र गोष्ट दिसली. केबल मुठीत धरली की सगळं बरोबर लिहिलं जातं. सोडली की चुकतं. आमच्या संस्थेतले एक शिक्षक आहेत, फैझान सर, राजिवड्यातले. बोटींचे वायरलेस दुरुस्त करायचं त्यांच्या काकांचं दुकान आहे, तिथल्या संगणकावर हल्ली मी हे काम करते. (संस्थेच्या संगणकावर करत नाही. ते जाऊ दे.) ते केबल मुठीत धरून बसले आणि म्हणाले, "घे लिहून. एकदा बरोबर उतरलं की झालं. मग केबल टाक समुद्रात. चिप थोडीच विचारणारे, मला कसं लिहिलं म्हणून?"

मी लिहिलं. वाचून बघितलं, बरोबर. पुन्हा वाचलं, तर एक आकडा वेगळा. किती ओढ बसली की घंटा वाजवायची, नेमका तोच आकडा. आता चिपमधला चुकलाय की केबलने वाचताना चुकवलाय, हे कसं सांगायचं? मी म्हणाले, "हातात धरून चालणाऱ्या केबलवर मी रावजीकाकांचा जीव टांगणार नाही." ते म्हणाले, "आणि तू केबल सुधारत बसलीस आणि तोवर पावसाने जोर धरला तर?" आम्ही दोघंही थोडे चिडून घरी गेलो.

आई फोनवर म्हणाली, की रावजीकाकांच्या मागच्या दाराची चौकट तिरकी झाली, दार लागत नाही. आणि फणसाखालच्या झऱ्याला लाल पाणी येतंय. तुम्ही म्हणालात म्हणे, दर वर्षी येतं. आबा, दर वर्षी सप्टेंबरात येतं.

दीप्ती

———

रत्नागिरी
२ जुलै

आबा,

जयभीम. घाईत लिहितेय. केबल झाली.

माझी केबल लांबलचक होती, बोर्ड हवा तिथे ठेवता यावा म्हणून. आणि पट्टीसारख्या तारेत सगळ्या बोलणाऱ्या तारा एकमेकींना चिकटून होत्या. एकीतून खबर गेली की तिची कुजबुज शेजारणीच्या कानावर जायची आणि तीही मधेच काहीतरी बोलायची. मुठीत धरलं की ती कुजबुज माझ्या हातातून निघून जायची, म्हणून चालायचं. आता केबल कापून हातभर केली, आणि दर दोन बोलणाऱ्या तारांच्या मधे एक नुसती गप्प बसणारी तार ठेवली, दोन्ही टोकांना जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या तारेला जोडलेली. शिवाय बोर्डाला भिंतीतली वीज न देता बॅटरी लावली. दुकानातल्या संगणकाच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात, त्याचाही त्रास असावा.

दिवसभर तेच ते लिहिलं आणि वाचलं. एकदाही चुकलं नाही. शेवटी फैझान म्हणाला, "आता बस कर, त्या चिपला झोप येत असेल."

संचालकांनी मला जूनअखेर संस्थेतून कमी केलं हे तुम्हाला आईकडून कळलं असेलच. संस्थेचा संगणक खाजगी कामाला वापरला म्हणून. खरं आहे ते. दोन शिकवण्या आहेत आणि दुकानात थोडं काम आहे. आईला काळजी करू नको म्हणावं.

रविवारी पेटी लावायला येतेय. घरी उतरू की मैनावहिनीकडे, तेवढं आईपाशी सांगून ठेवा. काही सांगितलं नाहीत तर मैनावहिनीकडे उतरेन.

दीप्ती

———

रत्नागिरी
७ जुलै

आबा,

मी वाडीवर आले तेव्हा तुम्ही विहारात निघून गेलात. जाताना, मला कळणार नाही असं समजून, माझ्याबरोबर वर येणाऱ्या बाबल्यादादाला सांगितलंत, की वर निसरडं आहे, काठी घेऊन जा. त्याने ती काठी मला दिली.

भेग मी वर्षाने बघितली. गेल्या वर्षी तिच्यात माझी चप्पल आडवी मावली होती. आता त्यात बाबल्यादादाचा पाय घोट्यापर्यंत गेला. कडेचं गवत मधेच चिरल्यासारखं झालंय. बाबल्यादादा खाली वाडीकडे बघत राहिला. वरून सगळी कौलं दिसतात. आपलं घरही.

खुंटा बसवला, तार ताणली, पेटीला प्लास्टिक गुंडाळलं. रावजीकाकांनी स्वतःच्या हाताने पडवीच्या खांबाला घंटा ठोकली. मी म्हटलं, "काका, ही वाजली की काही घ्यायला थांबायचं नाही." ते हसले. "अगं, माज्या ह्या घरात घ्येन्यासारखा हाय काय?" मग म्हणाले, "आनि गुरुजी जात नायत तर मी कशाला जाऊ? ह्यो सातबारा माज्या नावावं झाला तो गुरुजींमुलं. त्यांच्या आदी मी कसा हलू?"

आबा, मला तुमचं म्हणणं कळत नाही असं नाही. आजोबांना गावाने डोंगराच्या उताराला ढकललं. तुम्ही तीस वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवून ती जमीन सगळ्यांच्या नावावर करून घेतलीत. आता कुणीतरी जीपमधून येऊन म्हणतो, चला, त्या पऱ्याच्या ओढ्याकाठी पत्र्याच्या शेड बांधल्यात, तिकडे जा. राग येणारच. पण रावजीकाका डोंगराच्या भरवशावर तिथे राहिलेले नाहीत. तुमच्या भरवशावर राहिलेत.

तार हाताने सावकाश ओढून घंटा वाजवून बघितली तेव्हा सगळी वाडी बाहेर आली. तुम्हीही विहाराच्या दारात आलात. मला वाटलं, आता खाली याल. तुम्ही घंटेकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि आत गेलात.

आईने बांधून दिलेल्या भाकऱ्या दापोलीच्या स्टँडवर खाल्ल्या.

दीप्ती

———

राजिवडा, रत्नागिरी
१७ जुलै

आबा,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. बाबल्यादादा घेऊन येतोय. त्याला सांगितलंय, की तुमच्या हातात द्यायचं आणि तुम्ही उघडेपर्यंत अंगणातून हलायचं नाही.

मंगळवारी घंटा वाजली तेव्हा काय झालं ते त्याने सांगितलं. लावणी टाकून बाया चिखलाच्या पायांनी धावत आल्या, म्हाताऱ्यांना उचलून काढलं, सगळे पावसात उभे राहिले आणि काहीच पडलं नाही. संध्याकाळी पुन्हा वाजली, पुन्हा काही नाही. मग कुणीतरी बॅटरीची तार उपटली. "गुरुजींच्या पोरीचा खेळना." बुधवारी पेटी देऊन बाबल्यादादाला माझ्याकडे पाठवलं, नीट कर नाहीतर ठेवून घे म्हणून.

मलाही वाटलं, पाणी गेलं असेल आत. उघडली तर पेटी कोरडी होती. म्हणून केबल लावली आणि चिपच्या आत बघितलं. मी तिला दर तासाला तारेची ओढ लिहून ठेवायला शिकवलं होतं. पहिले काही दिवस आकडा जागचा हलत नाही. मग सावकाश वाढतो, थांबतो, पुन्हा वाढतो. सोमवार-मंगळवारी तो थांबलेला नाही. गुराचा हिसका असता तर आकडा उडून परत खाली आला असता. हा परत आलेला नाही. म्हणजे मी पेटी लावल्यापासून भेग दोन बोटं रुंदावली आहे, आणि त्यातलं बहुतेक सगळं या दोन दिवसांत. घंटा खोटी वाजली नव्हती.

आता तुम्ही विचाराल तेच मी स्वतःला विचारलं. ही तीच केबल, जी शंभरात एक अक्षर खोटं सांगायची. आज ती खरं सांगतेय कशावरून?

म्हणून काल दुपारपासून मी डोंगर सोडून केबल तपासत बसले. उरलेल्या दुसऱ्या चिपमध्ये मला माहीत असलेले आकडे भरले आणि ते वाचून बघितले. बरोबर आले. संगणक बदलला. बरोबर. केबल मुठीत धरून, सोडून, वाकवून, अगदी सावकाश वाचून. बरोबर. मग पेटीतली चकती हाताने एकेक बोट फिरवली आणि आत काय लिहिलं जातंय ते बघितलं. मी जेवढी फिरवली तेवढंच. फैझानने प्रत्येक आकडा माझ्याकडे न बघता वेगळा वाचला. मला खोट निघायला हवी होती, आबा. मी मनापासून खोट शोधत होते. केबलमध्ये खोट नाही.

मी इंजिनीअर नाही, डोंगराचं शास्त्र शिकलेले नाही. दोन बोटांनी डोंगर येतो की दोन हातांनी, हे मला सांगता येणार नाही. पण तो चालायला लागलाय आणि थांबलेला नाही, एवढं मी खात्रीने सांगते. उद्या काहीच झालं नाही तर वाडी मला हसेल. हसू दे. लोक सामान घेऊन पुन्हा घरी जातील, बास.

पऱ्याकाठच्या शेडमध्ये जाऊ नका. तिथे पाणी चढतं, असं तुम्ही सभेत म्हणालात ते खरंच आहे. भेगेपासून लांब, कातळाच्या सड्यावरच्या शाळेत जा. किल्ली अजून तुमच्याकडेच असते.

पेटी परत पाठवतेय, बाबल्यादादा ती पुन्हा लावेल. पण आता घंटेची वाट बघू नका.

आबा, मी तुम्हाला यापुढे एकही पत्र लिहिणार नाही, म्हणाल तर वाडीचं तोंड बघणार नाही. फक्त हे उघडा.

दीप्ती

———

रत्नागिरी
३० जुलै

आबा,

लिहिणार नाही म्हटलं होतं, तरी लिहितेय. आठ दिवस मी तिथे तुमच्या शेजारी शाळेच्या पायरीवर बसले आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पूर्वी बोलत नव्हता तेव्हा कळायचं, राग आहे. आता तुम्ही आईशीही बोलत नाही, बाबल्यादादाशीही नाही. तिथे जे बोलता आलं नाही ते इथून लिहिते.

त्या दिवशीचं मला बाबल्यादादाने सांगितलं. तुम्ही अंगणात उभ्यानेच पत्र फोडलंत, आईकडून चष्मा मागवलात, दोनदा वाचलंत. मग विहाराच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलंत. कुणीतरी विचारलं, "गुरुजी, त्या वायरचा काय खरा?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "वायर चुकत असेलही. पण पोरीने ती किती वेळा तपासली, ते आत्ता वाचलं ना मी? तेवढ्या वेळा आपण डोंगर तपासला नाही." आणि सगळ्यांत आधी आपल्या घराला कुलूप लावलंत. बाबल्यादादा म्हणतो, त्या कुलपाचा आवाज झाला आणि मग सगळे आपापली बोचकी बांधायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळी वाडी सड्यावर होती. गुरंसुद्धा. फक्त रावजीकाकांची गाभण गाय चढ चढेना म्हणून गोठ्यात राहिली. शनिवारी दुपारी ते तुमच्याकडे आले. "गुरुजी, तिला तेवडा पानी दाखवून येतो." तुम्ही म्हणालात, "जा, लवकर ये."

घंटा शाळेपर्यंत ऐकू आली, असं मैनावहिनी सांगते. थोडा वेळ वाजली आणि मग डोंगर खचल्याचा आवाज आला. वरच्या घरांचं काही राहिलं नाही. आपलं घर उभं आहे, पण मागची भिंत आत ढकलली गेलीय, चिखल माजघरापर्यंत आलाय. गाय खाली शेतात जिवंत सापडली. दावं कापलेलं नव्हतं, नीट सोडलेलं होतं. म्हणजे घंटा ऐकूनही रावजीकाका गाठ सोडत थांबले, आणि तेवढ्यात दरड त्यांच्यावर आली.

तुम्हाला वाटतं, तुमच्या "जा" म्हणण्याने ते गेले. सभेतल्या "हलणार नाही"मुळे गेले, असंही वाटत असेल. मी तुमची समजूत घालायला लिहीत नाही. तसं म्हटलं तर मी एक नंबरचं टोक पहिल्याच दिवशी नीट बघितलं असतं तर पेटी जूनमध्येच लागली असती, आकडे महिन्याभराचे मिळाले असते, गाय चढ चढू शकत होती तेव्हाच सगळे वर गेले असते. मीही हे रोज म्हणते. फैझान म्हणतो, असं मोजत बसू नकोस. त्याला आईने तिथे जेवायला वाढलं, तेव्हा तो चिखल उपसून आलेला होता आणि ताटावर बसल्या बसल्या झोपला. तुम्ही त्याच्या अंगावर घोंगडी टाकलीत. ते मी बघितलं.

पण लिहायचं कारण हे नाही. तहसीलमधून माणूस आला होता. पुढच्या गुरुवारी शाळेत सभा आहे. वाडीला पऱ्याकाठच्या त्याच शेड देणार आहेत, कायमच्या. नाव कुणाच्या सातबाऱ्यावर लागणार ते कुणी बोलत नाही. मैनावहिनी म्हणते, लोक हो म्हणणार, कारण थकलेत आणि त्यांच्या वतीने बोलायला कुणी उरलेलं नाही.

डोंगराबद्दल मी बरोबर होते. शेडबद्दल तुम्ही बरोबर होतात. सभेत आपण दोघं एकमेकांचं अर्धंच ऐकत होतो. आता डोंगराचं काही सांगायला उरलेलं नाही. उरलंय ते तुमचं अर्धं, आणि ते मला सांगता येणार नाही. मी उभी राहिले तर साहेब म्हणतील, केबलवाली मुलगी, शाबास, आणि सही करून मोकळे होतील. माझं कौतुक करून ते लोकांना पऱ्यात नेऊन ठेवतील. कुठल्या सालच्या अर्जावर काय लिहून आलं, कुठली जागा गायरान, कुठली कुणाची, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?

तुम्ही माझ्याशी बोललं नाहीत तरी चालेल. मी त्याची सवय करून घेतली आहे, म्हणजे घेतलेली नाही, पण घेईन. त्यांच्याशी बोला.

दीप्ती

———

सड्यावरची शाळा
३ ऑगस्ट २००३

चि. दीप्ती,

जयभीम. तुझी सगळी पत्रे वाचली आहेत. जी ज्या दिवशी आली, ती त्याच दिवशी वाचली होती.

रावजीची गाय मैनाच्या गोठ्यात आहे. काल व्याली. तुझी आई बरी आहे. मला झोप लागत नाही, पण ते बोलण्यासारखे नाही.

गुरुवारी अकरा वाजता सभा आहे. मी बोलणार आहे. शाळेमागची गायरानाची जागा मागायची आहे, प्रत्येक घराच्या नावे. जुने कागद चिखलातून काढून वाळत घातले आहेत.

तू ये. पण माझ्या समोर बसू नकोस, बाजूला कुठेतरी बस. तू समोर दिसलीस तर मला बोलता येणार नाही.

आबा